फोटो लॅबवाल्यांना खुलं पत्र : पस्तीस प्रिंट आणि एक निगेटिव्ह

प्रति,
राज्यातल्या फोटो लॅब, स्टुडिओ आणि पासपोर्ट फोटोची दुकानं चालवणारे सर्व मालक, ऑपरेटर आणि त्यांच्या जिल्हा-तालुका संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलाच एक. १९९० ते २००८ अशी अठरा वर्षं कराडच्या एका कलर लॅबमध्ये मशिनवर होतो. येत्या १९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, तुम्ही गावोगावी जमाल. कॅमेऱ्याची पूजा होईल, ज्येष्ठांचे सत्कार होतील, नव्या कॅमेऱ्यांची प्रात्यक्षिकं होतील. त्या बैठकीत एक विषय निघावा म्हणून हे पत्र लिहितोय. गिऱ्हाईक आपल्या हातात जे फोटो देतं, त्यांचं आपल्या दुकानात पुढं काय होतं, हा तो विषय.

१९९७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. लग्नसराई होती, रोलांचा ढीग पडला होता. नुकतंच लग्न झालेली एक मुलगी तिचं पाकीट न्यायला आली. महाबळेश्वरचा रोल होता. तिनं काउंटरवरच प्रिंट मोजल्या, मग पुन्हा मोजल्या आणि म्हणाली, "दादा, एक कमी आहे. पस्तीसच आहेत."

मी म्हणालो, "एखादी फ्रेम हलली असेल. हललेल्याचे पैसे आम्ही लावत नाही."

हे खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. ती प्रिंट माझ्या मागच्या ड्रॉवरमध्ये पालथी पडली होती. लॉजच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहून ती केस पुसत होती, खांद्यावर टॉवेल होता आणि कॅमेऱ्याकडं, म्हणजे नवऱ्याकडं, बघून हसत होती. एवढाच तो फोटो. सकाळी मशिनमधून प्रिंट बाहेर पडत होत्या तेव्हा आमच्यातल्या एकानं ती उचलली, दोघा-तिघांना दाखवली आणि ड्रॉवरमध्ये सरकवली. मी तिथंच होतो. काही बोललो नाही.

तिनं पाकिटातून निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या आणि एकेक ट्यूबलाइटपुढं धरली. फिल्मच्या कडेला प्रत्येक फ्रेमचा नंबर छापलेला असतो, हे तिला ठाऊक होतं. हातातल्या प्रिंटांशी ताडत ती एका फ्रेमपाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग पट्ट्या परत पाकिटात घातल्या, पैसे दिले आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा ती आमच्या दुकानाची पायरी चढली नाही.

तिसऱ्या दिवशी मी ती प्रिंट कटरखाली धरून तिचे चार तुकडे केले. तिला ते कळलं नाही. पाकिटाच्या नोंदीत पत्ता होता, जाऊन सांगता आलं असतं. गेलो नाही. आज ती बाई पन्नाशीच्या आसपास असेल. आपला तो फोटो कुणाकडं आहे, हा प्रश्न तिच्या मनात इतकी वर्षं राहिला असेल, तर तो मी ठेवलेला आहे.

आता जे लिहितोय ते बाहेरच्या माणसांना पटणार नाही, तुम्हाला पटेल. बघणं हा आपल्या कामाचाच भाग होता. रोल मशिनला लावला की तो ३७.८ अंशांच्या डेव्हलपरमधून सव्वातीन मिनिटांत पुढं सरकायचा, मग ब्लीच, फिक्सर, पाणी, ड्रायर. तिथवर कुणाला काही दिसत नाही. पण प्रिंट काढायची तर प्रत्येक फ्रेम ऑपरेटरच्या डोळ्यांखालून जाणारच. डेन्सिटी, म्हणजे फोटोचा गडदपणा, किती, पिवळा वाढवायचा का, किरमिजी कमी करायचा का, हे फ्रेम बघितल्याशिवाय ठरत नाही. नारिंगी निगेटिव्हमध्ये उलटा दिसणारा चेहरा सुलटा वाचायला डोळे वर्षभरात शिकतात. त्यामुळं "आम्ही काही बघत नाही हो" असं कुणी गिऱ्हाइकाला सांगत असेल तर ते खरं नाही. आपण सगळं बघत होतो.

आणि काय काय बघत होतो! उंब्रज, पाटण, मलकापूर, ओगलेवाडी, सगळीकडचे रोल आमच्याकडं यायचे. लहान गावातले स्टुडिओवाले एसटीनं पाकीट पाठवायचे. त्यात बारशी आणि साखरपुडे असायचे, तसं बाळाला पाजणारी आईही असायची. कातडीच्या आजाराचे डॉक्टरांनी काढलेले फोटो असायचे. पोलिसांनी पंचनाम्याला बोलावलेल्या फोटोग्राफरचे रोल असायचे, त्यात अपघातातली, गळफासातली, जळालेली माणसं असायची. एकदा एका रोलमध्ये आमच्याच गल्लीतली एक सून होती, भाजलेली. तिच्या माहेरच्या माणसांनी ती तशी पाहण्याआधी मी पाहिली होती. संध्याकाळी तिच्या दारावरून घरी गेलो तेव्हा दारात माणसं बसली होती आणि मला मान वर करता आली नाही.

एवढं ज्याला दिसतं, त्याला ते पोटात ठेवता आलं पाहिजे. गावातली सुईण किती घरांतलं किती बघायची, पण पाणवठ्यावर बोलायची नाही. बोलणारी सुईण पुन्हा कुणी बोलावली नसती. आपल्या धंद्यात हे कुणी शिकवलंच नाही. केमिकल किती दिवसांनी बदलायचं हे शिकवलं, पेपर अंधारात कसा भरायचा हे शिकवलं. कामासाठी बघणं वेगळं, "अरे, इकडं ये, हे बघ" म्हणून दुसऱ्याला बोलावणं वेगळं, आणि एक प्रिंट जादा काढून ठेवून घेणं तर फारच वेगळं, ही रेघ कुणी ओढून दिली नाही.

म्हणजे, एकानं दिली होती. मी लॅबमध्ये लागण्याआधी दोन वर्षं एका जुन्या ब्लॅक अँड व्हाइट स्टुडिओत उमेदवारी केली. तिथल्या अण्णांकडं पोलिसांचं काम असायचं. तो रोल ते रात्री दुकान बंद केल्यावर स्वतः धुवायचे. मला डार्करूममध्ये येऊ द्यायचे नाहीत. सकाळी दोरीवर काही लटकलेलं नसायचं, पाकीट शिवलेलं असायचं. खराब झालेल्या प्रिंट ते चेहऱ्यावरून आडव्या कापायचे, मगच टोपलीत टाकायचे. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा संशयी आहे, आपल्याला काम शिकवत नाही. तो मला कामच शिकवत होता, हे समजायला मला ड्रॉवरमधली ती प्रिंट लागली.

प्रकरण ड्रॉवरपाशी थांबलं नाही तर कुठवर जातं, याचं उदाहरण आपल्या धंद्याला १९९२ सालीच मिळालं होतं. अजमेरमध्ये शाळा-कॉलेजातल्या मुलींवर अत्याचार करून, त्यांचे फोटो काढून, त्या फोटोंच्या जोरावर त्यांना आणि त्यांच्या मैत्रिणींना धमकावलं जात होतं. ते रोल धुवायला एका लॅबमध्ये गेले, तिथून प्रती बाहेर पडल्या आणि शहरभर हातोहात फिरल्या, असं त्या काळच्या बातम्यांत आलं. मुलींचं दुःख तिथं दुप्पट झालं. आधी गुन्हेगारांकडं फोटो होते, मग गावाकडं झाले. २० ऑगस्ट २०२४ ला न्यायालयानं त्या प्रकरणात आणखी सहा जणांना जन्मठेप दिली. बत्तीस वर्षं गेली मधे. १९ ऑगस्टला आपण कॅमेऱ्याला हळद-कुंकू वाहतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशीची ही तारीख आपल्या कुठल्याही कार्यक्रमात कुणी उच्चारलेली मी ऐकली नाही.

तुमच्यातले तरुण म्हणतील, काका, रोल गेले, आता कशाला हे. रोल गेले म्हणूनच लिहितोय. रोलाच्या काळात निगेटिव्ह एकच असायची आणि ती गिऱ्हाइकाला परत मिळायची. त्या मुलीला ट्यूबलाइटपुढं धरून काय चोरीला गेलं ते कळलं तरी. आज कळायला काही मार्गच नाही.

मागच्या वर्षी नातीच्या शाळेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला एका दुकानात गेलो. पोरगा चलाख होता, पाच मिनिटांत आठ फोटोंचं पान हातात दिलं. त्यानं फाइल सेव्ह केली तेव्हा स्क्रीन माझ्याकडं वळलेली होती. डेस्कटॉपवर फोल्डरच फोल्डर. गावातल्या पोरी, त्यांच्या आया, कुणाचं आधार कार्ड, कुणाचं पॅन कार्ड, कुणाचं बँकेचं पासबुक, सगळं नावानिशी. मी म्हणालो, "आमचा फोटो काढून टाक बाबा." तो म्हणाला, "काका, राहू द्या की, परत लागतो तुम्हालाच." तो वाईट नव्हता. सोय म्हणून म्हणत होता. दुकानात दोन पोरं कामाला होती, संगणकाला पासवर्ड नव्हता, आणि त्याच संगणकावर रात्री मालकाचा भाचा गेम खेळतो, असं त्यानंच बोलता बोलता सांगितलं.

आता तुम्हीच तुमच्या दुकानात उभं राहून मोजा. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं. दुकानाचा नंबर म्हणजे बहुतेक ठिकाणी मालकाचाच स्वतःचा नंबर. ऑटो-डाउनलोड चालू असतं, त्यामुळं लोकांच्या बायकापोरांचे फोटो तुमच्या गॅलरीत, तुमच्या घरच्या फोटोंशेजारी जाऊन बसतात. तिथून बॅकअप चालू असेल तर क्लाउडवर जातात. तोच नंबर काउंटरच्या संगणकावर उघडा असतो. एका फोटोच्या चार प्रती झाल्या आणि गिऱ्हाइकाला वाटतं, प्रिंट घेतली, विषय संपला.

मेमरी कार्डाचंही तसंच. फाइल डिलीट केली की ती जात नाही, फक्त ती जागा मोकळी आहे असं कार्ड समजतं. वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत फुकटच्या सॉफ्टवेअरनं ती परत काढता येते, आणि हे काम तर तुम्ही शंभरदा केलं आहे, पुसल्या गेलेल्या लग्नाचे फोटो परत मिळवून दिले आहेत. मग जुनी हार्ड डिस्क भंगारात देताना हे ज्ञान कुठं जातं?

आणि रिबन. ही गोष्ट मी धंदा सोडल्यावर कळली आणि दोन दिवस डोक्यातून गेली नाही. झटपट प्रिंट देणारा डाय-सब प्रिंटर असतो, त्याच्या रिबनवर पिवळा, किरमिजी आणि निळसर असे रंगाचे पट्टे असतात. हेड तापतं आणि जिथं जेवढा रंग हवा तेवढा कागदावर उतरतो. उरलेला रंग रिबनवरच राहतो. म्हणजे वापरलेल्या प्रत्येक पट्ट्यावर त्या माणसाची उलटी छबी तशीच असते, निगेटिव्हसारखी. शेकडो प्रिंटांची रिबन संपते आणि आपण ती गुंडाळून दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो. कुणीही उलगडून उजेडापुढं धरावी. ओळखपत्रं छापणाऱ्या कार्यालयांत वापरलेली रिबन नष्ट करायची असते, हा त्या कामाचा साधा शिरस्ता आहे. आपल्याकडं कात्रीही लावत नाहीत.

शोकेसबद्दल लिहितो, कारण यावर तुम्ही रागवाल. चांगला आलेला फोटो मोठा करून काचेत लावायचा, ही आपली जुनी रीत. माझाही तो अभिमान होता. पण ज्या मुलीचा फोटो लावला तिला विचारलं का? एका बापाला मी शोकेसपुढं हात जोडून उभं राहिलेलं पाहिलंय. मुलीचं जमत आलेलं स्थळ, "स्टुडिओत फोटो लागतो का तुमच्या मुलीचा," एवढ्या एका वाक्यावर अडलं होतं. त्या वाक्यात दोष विचारणाऱ्याचा होता, मुलीचा मुळीच नव्हता. पण तिला त्या वाक्यापुढं उभं केलं आपण. आज शोकेसची जागा इन्स्टाग्रामच्या पेजनं घेतली. प्रीवेडिंग, डोहाळजेवण, आठ दिवसांचं बाळ. काचेतला फोटो गल्ली बघायची, हा कोण बघतं त्याचा हिशेब नाही.

हा वाद नवा नाही. १८८८ साली इंग्लंडमध्ये पोलार्ड नावाच्या बाईंनी एका फोटोग्राफरला कोर्टात खेचलं होतं. त्यांनी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला, त्यानं त्याच निगेटिव्हवरून नाताळचं कार्ड करून दुकानाच्या काचेत लावलं. कोर्टानं त्याला मनाई केली. गिऱ्हाईक फोटो काढून घ्यायला येतं तेव्हा निगेटिव्ह फोटोग्राफरजवळ राहिली तरी ती त्याच्या मर्जीनं वापरायला दिलेली नसते, असा त्याचा मथितार्थ. त्याच वर्षी ईस्टमनचा पहिला कोडॅक कॅमेरा बाजारात आला, ज्यात शंभर फोटो काढायचे आणि अख्खा कॅमेराच कारखान्याला पाठवायचा. बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो, असं ते सांगायचे. घरातलं खासगी चित्र परक्याच्या हातून धुऊन घ्यायची पद्धत सर्वसामान्यांच्या घरात तिथून शिरली. पुढं १९४८ मध्ये पोलरॉइडचा झटपट कॅमेरा विकायला आला तेव्हा लोकांना त्याची जादू तर आवडलीच, पण मधे लॅबवाला नाही हेही अनेकांना आवडलं. आपल्या धंद्याबद्दल लोकांच्या मनात काय होतं, ते त्यावरून कळतं.

आपल्याकडचा कायदाही गिऱ्हाइकाच्या बाजूनं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसेल तेव्हा, त्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. आपण नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. खासगी अवस्थेतल्या स्त्रीनं फोटो काढायला संमती दिली असली, पण तो इतरांना द्यायला दिली नसली, तरी तो पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळेला एक ते तीन वर्षांची कैद आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षानं लागू होत आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसायची, हा त्याचा गाभा आहे. तेव्हा नोटीस येण्याची वाट बघू नका.

पोटात ठेवणं म्हणजे सगळंच पोटात ठेवणं नव्हे, हेही इथंच सांगितलं पाहिजे. लहान मुलाच्या लैंगिक शोषणाचं काही समोर आलं तर गप्प बसायची मुभा आपल्याला नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम २० मध्ये स्टुडिओ आणि फोटोच्या दुकानांचा स्पष्ट उल्लेख आहे, मग दुकानात एकच माणूस का असेना. पोलिसांना कळवलंच पाहिजे, नाही कळवलं तर आपल्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या ओळखीच्या दहा दुकानदारांना विचारलं, एकालाही हे माहीत नव्हतं. बायकांचे फोटो चवीनं बघायचे आणि जिथं बोलायला हवं तिथं "आपल्याला काय करायचंय" म्हणायचं, असं उलटं झालंय आपलं.

मला माहीत आहे, दुकान चालवणं सोपं नाही. मोबाइल आल्यापासून प्रिंट काढतंय कोण? किती लॅब बंद पडल्या, किती मशिनं किलोवर गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मी जे मागतोय त्याला पैसा फार लागत नाही. दुकानासाठी वेगळा नंबर घ्या, त्यावर ऑटो-डाउनलोड आणि बॅकअप बंद ठेवा, दुकान बंद करताना दिवसाच्या चॅट पुसा. संगणकाला पासवर्ड लावा. पासपोर्ट फोटो किती दिवस ठेवणार ते दारावर पाटीत लिहा आणि ज्याला ठेवायचा नाही त्याचा त्याच्यासमोर पुसा, स्क्रीन त्याच्याकडं वळवून. "परत लागतो तुम्हालाच" हे खरं आहे, पण ते गिऱ्हाइकानं म्हणायचं, आपण नाही. वाया गेलेली प्रिंट कापून टाका, अण्णा कापायचे तशी. रिबनचे तुकडे करा. ज्यांच्याकडं अजून फिल्म येते, आणि तरुण पोरं पुन्हा फिल्मकडं वळलीत म्हणून बऱ्यापैकी येते, त्यांनी स्कॅनची लिंक कुणालाही उघडेल अशी महिनोन्‌महिने सोडून देऊ नये. शोकेस असो की पेज, फोटो लावण्याआधी लेखी होकार घ्या. नवऱ्याचा होकार बायकोचा समजू नका.

आणि नवा पोरगा मशिनवर बसवताना पहिल्या दिवशी त्याला हे सांगा की तुला सगळं दिसणार आहे. ते लपवू नका त्याच्यापासून. त्याच्या शेजारी बसा. एखादा फोटो पाहून त्यानं दुसऱ्याला हाक मारली तर त्याच क्षणी थांबवा. मला कुणी त्या सकाळी थांबवलं नाही आणि मीही कुणाला थांबवलं नाही.

१९ तारखेच्या कार्यक्रमात सत्कारांच्या आधी अर्धा तास मिळाला तर मी कुठल्याही तालुक्याला स्वखर्चानं यायला तयार आहे. वापरलेली रिबन सोबत आणीन. ती उजेडापुढं धरली की फार बोलावं लागत नाही.

आपला,
एक जुना मशीन ऑपरेटर
कराड, जि. सातारा